गाठ निघाली, पण कोणती?

पोटातील कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, की दाराशी ताटकळलेली घरची मंडळी पहिला प्रश्न करतात, "डॉक्टर, गाठ सगळी निघाली ना?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो अर्धाच आहे, असे आम्ही वाचकांस सुचवू इच्छितो. निघालेल्या गाठीतील पेशींची घडण कोणत्या प्रकारची होती, हा त्याचा उत्तरार्ध होय. आणि त्याचे पुरते उत्तर काही दिवसांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मिळते.

जठराचेच उदाहरण घेऊ. कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्ना येथे केली. रोगिणी तीतून सुखरूप उठली. तथापि सुमारे चार महिन्यांनी त्याच रोगाने गेली. कुशल हातासही रोगाचा स्वभाव पालटता येत नाही, तो ओळखावाच लागतो. या स्वभावाचा एक मोठा भेद फिनलंडचे पेक्का लॉरेन यांनी १९६५ साली दाखविला. एका प्रकारात पेशी परस्परांस धरून आतड्यातील ग्रंथींसारखी रचना करतात. दुसऱ्यात त्यांचा आपसांतील बंध तुटतो. त्या सुट्या सुट्या जठराच्या भिंतीत शिरतात, व उदराच्या अस्तरावर पसरण्याकडे त्यांचा कल असतो. डोळ्यांस दिसणारी गाठ काढली, तरी दृष्टीआड काही उरण्याचा धोका या विखुरणाऱ्या प्रकारात अधिक. म्हणून दीर्घायुष्याची आशाही सामान्यतः कमी.

स्वादुपिंडात हा भेद आणखी ठळक आहे. तेथील नलिकांपासून उद्भवणारा नेहमीचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांस पाच वर्षे लाभू देत नाही. उलट संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची गाठ पुष्कळदा मंदगतीने वाढते. अमेरिकन उद्योगपती स्टीव्ह जॉब्स यांची गाठ या प्रकारची होती. २००४ साली शस्त्रक्रिया झाल्यावर, पुढे रोग यकृतात पसरूनही, ते २०११ पर्यंत जगले. अवयव एकच, पण रोग दोन!

अर्थात प्रकार म्हणजे सारे भवितव्य नव्हे. रोग किती खोल गेला, लसिकाग्रंथींत पोहोचला काय, कापलेली कड निर्मळ आहे काय, यांचेही वजन मोठे आहे. परंतु पुढील औषध पुष्कळदा प्रकारावरूनच ठरते. जठराच्या भिंतीतील 'जिस्ट' नामक गाठीवर इमॅटिनिब ही गोळी बहुधा गुणकारी ठरते. जठराच्या नेहमीच्या कर्करोगावर तिचा इलाज चालत नाही.

शिवाय हा अहवाल एकट्या रोग्यापुरता नसतो. विखुरणारा प्रकार काही घराण्यांत सीडीएच-१ या जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे १९९८ साली न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून उघड झाले. अशी घराणी थोडी. तरीही एकाच घरात दोघांतिघांस जठराचा कर्करोग झाला असेल, तर भावंडांनी व मुलांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपल्याकडे मात्र 'रोग्यास कळू नये' म्हणून हा कागद कपाटात कुलूपबंद होतो. वडीलधाऱ्यांचे मन जपावे, हे खरे. पण कागद लपविल्याने रोग लपत नाही, आणि ज्याचे आयुष्य त्याच्याच हातून निर्णय मात्र निसटतो. घरातील एका जाणत्या माणसाने डॉक्टरांपुढे बसून अहवाल समजून घ्यावा, रोग्यास जितके जाणून घ्यावयाचे असेल तितके निःसंकोच सांगावे, आणि तो कागद पुढील पिढीसाठी घरच्या दस्तऐवजांत जपून ठेवावा.