छोट्या पडद्यावरचे परग्रहवासी

विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिकांमधून गेल्या साठ वर्षांत शेकडो परग्रहवासी जमाती येऊन गेल्या. बहुतेकींचे आयुष्य एका भागापुरते होते. पुढच्या आठवड्यात त्यांचे नावही कुणाच्या ध्यानात राहिले नाही. ब्रिटनचे डालेक, अमेरिकेचे व्हल्कन आणि क्लिंगॉन अशा मोजक्याच जमाती पिढ्या उलटल्या तरी टिकून आहेत. दिसायला त्या एकमेकींपेक्षा अगदी वेगळ्या आहेत. तरी प्रत्येकीला जगण्याचा एक कठोर नियम आहे आणि त्या नियमापायी कुणाला तरी काहीतरी गमवावे लागते, ते प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो.

मुळात टीव्हीवरचा परग्रहवासी घडतो तो टंचाईतून. दर आठवड्याला नवा भाग हवा, पैसा बेताचा आणि रंगभूषेला काही तासच मिळणार. त्यामुळे परग्रहवासी म्हणजे नाक, कान किंवा कपाळ बदललेला नट, हेच समीकरण बनले. सगळ्या विश्वात दोन हात आणि दोन पायच का, याचे कारण ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ने १९९३ मधल्या ‘द चेस’ या भागात कथेतूनच दिले: एका अतिप्राचीन जमातीने अनेक ग्रहांवर आपले जनुकीय बीज पेरून ठेवले होते. कल्पना सुंदर आहे. पण ज्यांनी माणसाचा आकारच मोडून टाकला, त्यांचे काम अधिक धाडसाचे होते.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, अशी नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांची सक्त ताकीद होती. तरीही निर्माती व्हेरिटी लँबर्ट यांनी टेरी नेशन यांची डालेकांची कथा लावून धरली. २१ डिसेंबरच्या भागात डालेक दिसलाच नाही. डॉक्टरसोबत प्रवास करणाऱ्या, भेदरलेल्या बार्बराच्या दिशेने सरकत येणारा एक हात तेवढा दिसला, तोही तुंबलेले सिंक मोकळे करायच्या रबरी पंपासारखा, आणि तिच्या किंकाळीवर भाग संपला. पुढच्या आठवड्यात अख्खा डालेक समोर आला. आराखडा रेमंड कसिक यांचा होता. आत माणूस बसून यंत्र चालवील अशा बेताने त्यांनी तो आखला, त्यामुळे बाहेरून पाय कुठेच दिसत नाहीत आणि चालण्याऐवजी डालेक घसरत येतो. आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढलेला, तुटक आणि धातूसारखा. ही कथा संपेपर्यंत मालिकेची प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या वर गेली होती.

मात्र नुसत्या आकारावर डालेक साठ वर्षे तगले नसते. धातूच्या कवचात अणुयुद्धाने विद्रूप झालेला एक जीव आहे आणि आपल्यापेक्षा वेगळे जे काही असेल ते नष्ट केले पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक आहे. महायुद्ध पाहिलेल्या नेशन यांच्या मनात नाझी होते. या नियमाचे टोक रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेल्या २००५ च्या ‘डालेक’ या भागात गाठले गेले. एक एकटा डालेक भूमिगत संग्रहालयात साखळदंडांनी बांधलेला आहे. रोज या तरुणीच्या स्पर्शातून त्याच्यात मानवी जनुके शिरतात आणि त्याला भावना जाणवू लागतात. तो कवच उघडून ऊन अंगावर घेतो. पण मिसळ झालेले रक्त त्याच्या नियमाला मंजूर नाही. म्हणून तो तिच्याकडे स्वतःच्या मृत्यूची आज्ञा मागतो. ज्या द्वेषाने त्याने जग जाळले, तोच शेवटी त्याच्यावर उलटतो. डालेकांच्या सगळ्या कथांमध्ये या भागाइतका अस्वस्थ करणारा क्षण क्वचितच सापडेल.

‘स्टार ट्रेक’मध्येही माणसाचा आकार पार सोडण्याचा एक प्रयोग झाला. मार्च १९६७ मधल्या ‘द डेव्हिल इन द डार्क’ या भागातली होर्टा म्हणजे दगडातून वाट काढणारा, सिलिकॉनवर आधारलेला सजीव गोळा. यानोश प्रोहास्का या कलाकाराने पोशाख आधी करून दाखवला आणि जीन कून यांनी त्यावरून कथा लिहिली, असे सांगतात. होर्टा खाणकामगारांना ठार मारते आहे. जहाजावरचा व्हल्कन अधिकारी स्पॉक तिच्या मनाशी मन जोडतो तेव्हा उलगडा होतो, की कामगार ज्या दगडी गोट्या बिनकामाच्या म्हणून फोडत होते ती तिची अंडी होती. त्या रबरी गोळ्याला चेहरा नाही, तरी पाहणारा पुरता तिच्या बाजूचा होतो.

स्पॉकची स्वतःची व्हल्कन जमात मात्र जवळजवळ माणसासारखीच दिसते. टोकदार कान आणि वर चढलेल्या भुवयांमुळे तो सैतानासारखा दिसेल, अशी धास्ती एनबीसी वाहिनीला वाटत होती. एका प्रसिद्धिपत्रकातल्या छायाचित्रात तर कान चक्क गोल करून छापले गेले. दोन-दोन बोटे जुळवून केलेला व्हल्कन नमस्कार स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी बॉस्टनमध्ये लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतला. शत्रूला मारहाण करणे स्पॉकला शोभत नाही, म्हणून मानेला चिमटा काढून बेशुद्ध करण्याची युक्तीही त्यांचीच. नटाने जमातीची संस्कृती आतून घडवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

व्हल्कन भावनाशून्य असतात हा समज चुकीचा आहे. त्यांच्या भावना माणसापेक्षा उग्र आहेत. कधीकाळी त्यांनी जमातीला विनाशाच्या काठावर नेले, म्हणून तर्काचा बांध घातला गेला. डी. सी. फाँटाना यांनी लिहिलेल्या ‘जर्नी टू बेबल’ या भागात (१९६७) हा बांध कसाला लागतो. स्पॉकचे वडील मरणाच्या दारात आहेत आणि त्यांना त्याचे रक्त हवे आहे. पण कप्तान जखमी असल्याने जहाजाची सूत्रे स्पॉककडे आहेत आणि ती सोडायला तो तयार नाही. मानवी वंशाची त्याची आई त्याच्या थोबाडीत मारते आणि निघून जाते. दार मिटल्यावर स्पॉक त्या दारावर तळवा टेकवतो. संवाद एकही नाही, तरी अख्खी व्हल्कन जमात त्या एका कृतीत कळते.

क्लिंगॉनांचा प्रवास वेगळा. १९६७ मध्ये ‘एरंड ऑफ मर्सी’त ते आले तेव्हा त्यांची सारी ओळख सावळा रंग आणि मिशा एवढ्यावरच होती, शीतयुद्धातल्या प्रतिस्पर्ध्याची ती सरधोपट प्रतिमा होती. कपाळावरच्या उंचवट्यांची भर १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात पडली. १९८४ च्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी त्यांची भाषा रीतसर रचली आणि पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोश निघाला. वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता सर्वांत शेवटी. शिवाय तिच्यात मूर्धन्य ‘ड’ आहे, जो मराठी माणसाला सहज जमावा. पुढे ‘हॅम्लेट’ही या भाषेत आले.

तरी क्लिंगॉनांना खरे वजन आले ते ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९० मधल्या ‘सिन्स ऑफ द फादर’ या भागामुळे. माणसांच्या घरात वाढलेला वॉर्फ आपल्या मृत वडिलांवरचा फितुरीचा डाग पुसायला जातो. डाग खोटा आहे हे उघड होते. पण खरा फितूर ज्या घराण्यातला, ते घराणे इतके बलाढ्य की सत्य बाहेर आले तर साम्राज्यात यादवी माजेल. वॉर्फ कलंक स्वीकारतो. मग भर सभेत एकेक जण छातीवर हात बांधून त्याच्याकडे पाठ फिरवतो, शेवटी त्याचा सख्खा भाऊसुद्धा. अब्रू हाच ज्यांचा प्राण, त्यांनीच अब्रूचा सौदा केला. आणि बाहेर वाढलेला वॉर्फ तेवढा खरा क्लिंगॉन ठरला.

एकाच नियमाची जमात पुष्कळदा एकसुरी होते: सगळे योद्धे, नाहीतर सगळे व्यापारी. यावर उपाय ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेने काढला. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच पर्वांची कथा आधीच आखली आणि दोन जमातींना इतिहास दिला: सेंटॉरींनी नार्न ग्रह शतकभर गुलामीत ठेवला होता आणि ती जखम ओली आहे. गेलेले वैभव परत आणण्याच्या हव्यासापायी सेंटॉरी राजदूत लाँडो मोलारी नको त्या शक्तींशी हातमिळवणी करतो. १९९५ च्या एका भागात त्याचेच आरमार नार्न ग्रहावर अवकाशातून दगडांचा वर्षाव करते आणि तो जहाजाच्या खिडकीतून ते पाहत उभा राहतो. विजय त्याचा आहे, पण चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नाही. त्याच्यासमोर नार्न राजदूत जकार आहे. पाच वर्षांत दोघेही इतके बदलतात की कोणती जमात चांगली आणि कोणती वाईट, हा प्रश्नच मागे पडतो.

जमात वारंवार दाखवली आणि तिचा नियम सैल केला, तर धार जाते. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये १९८९ साली आलेले बोर्ग व्यक्ती उरू न देता सर्वांना एका सामूहिक मनात सामावून घेत. त्यांच्याशी वाटाघाट करायला समोर कुणीच नसे, आणि भीती नेमकी तीच होती. १९९० मध्ये त्यांनी जहाजाचा कप्तान पिकार्ड यालाच आपल्यात ओढले. सुटका झाल्यानंतरच्या ‘फॅमिली’ या भागात तो फ्रान्समधल्या घरच्या द्राक्षमळ्यात, भावासमोर चिखलात बसून रडतो. १९९६ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाने बोर्गांना राणी दिली आणि ‘व्हॉयेजर’ मालिकेने ती पुढे चालवली. राणी आली तशी तिच्याशी बोलणी सुरू झाली, तिला चकवणे शक्य झाले आणि बोर्ग इतर शत्रूंच्या रांगेत जाऊन बसले. ‘डॉक्टर हू’मधल्या रडणाऱ्या देवदूतांचेही तेच झाले. ‘ब्लिंक’मध्ये (२००७) कुणी पाहत असेतो ते दगडी पुतळे असतात, पापणी लवली की पुढे सरकतात. त्या भागात ते हलताना एकदाही दिसत नाहीत, म्हणजे प्रेक्षकाची नजरही त्यांना रोखून धरते आहे असे वाटत राहते. २०१० मध्ये त्यांच्या माना कॅमेऱ्यासमोर वळताना दाखवल्या गेल्या, आणि प्रेक्षकाकडे आलेले ते काम त्याच्याकडून काढून घेतले गेले.