ऑटोचे 80 रुपये

धरमपेठेतल्या माझ्या सनदी लेखापाल मित्राच्या टेबलावर मार्चअखेरीस कागदांचे गठ्ठे चढलेले असतात. त्यातला एक कागद मी सहज हातात घेतला. एका कंपनीच्या प्रतिष्ठानानं नागपुरातल्या छोट्या संस्थेला दिलेल्या अनुदानाचा तो तिमाही हिशेब होता. तपासणी शिबिरं, माहितीपत्रकं, बॅनर, मंडप, अल्पोपहार, सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा होत्या. एक ओळ तेवढी लाल शाईनं आडवी खोडलेली : ‘रुग्णाचे ऑटोभाडे, गणेशपेठ बसस्थानक ते मेडिकल, रु. 80.’ मेडिकल म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. समासात शेरा : ‘मंजूर हेडमध्ये बसत नाही.’ खाली तशाच आणखी ओळी, तोच रस्ता, तेच 80 रुपये, तीच लाल रेघ. मंडपाचं भाडं हजारांत होतं आणि ते बसलं होतं. ज्या बाईंनी हा हिशेब लिहिला त्यांना भेटायचं मी तिथंच ठरवलं.

संस्था उत्तर नागपुरात आहे, इंदोऱ्याच्या पुढे, एका घराच्या खालच्या दोन खोल्यांत. तिचं नाव इथं देत नाही, कारण हिशेबातल्या लाल रेघांची चर्चा पुढच्या अनुदानाला बाधेल अशी तिथल्या लोकांना भीती आहे आणि ती खोटी नाही. आत शिरलं की पहिला येतो डिंकाचा वास. ऑटोची, झेरॉक्सची, औषधांची, चहाची बिलं बोटभर लांबीची असतात. ती फाइलमध्ये टिकावीत म्हणून कोऱ्या कागदावर चिकटवायची, खाली अनुक्रमांक, बाजूला शिक्का. तो हिशेब लिहिणाऱ्या ताई हे काम दुपारी करतात. त्यांचं नाव सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण हाक ‘ताई’ अशीच. वाणिज्य शाखेतून पदवी घेतलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या. रोजकीर्द त्या लिहितात, रुग्णांची नोंदवही त्यांच्याकडे, आणि रात्री दोन वाजता एखाद्या पोराचे पाय दुखायला लागले की फोनही त्यांनाच येतो.

दुखणं सिकलसेलचं. नागपूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मध्य भारतात हा रक्तदोष आहे हे वैद्यकीय जगाला पहिल्यांदा कळलं ते नागपूरच्याच डॉक्टरांकडून. शुक्ल आणि सोलंकी यांचा निबंध 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तांबडी पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि जिथं अडकते तिथं असह्य कळ उठते. थंडी, ताप, दमणूक, पाणी कमी पडणं, यांतलं काहीही पुरतं. नागपूरचा मे महिना तर अशा मुलांचा वैरीच. आईवडील दोघंही वाहक, इथल्या बोलण्यात ‘एएस’, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे पूर्ण रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक. रुग्णांच्या संघटनेची वाटही नागपुरातच पडली. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांना 2018 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ज्या 21 प्रकारांना दिव्यांगत्व मानलं त्यांत सिकलसेल आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं : 17 राज्यांतल्या 7 कोटी लोकांची तपासणी, आणि 2047पर्यंत निर्मूलन.

तपासणी मोजता येते, तिचं शिबिर भरवता येतं, मागे बॅनर लावून फोटो काढता येतो. म्हणून पैसा तपासणीकडे जातो. तपासणीनंतर रुग्णाला चाळीस-पन्नास वर्षं जगायचं असतं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, आणि ती चालू असताना रक्त पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचं, म्हणजे दवाखान्याची फेरी आलीच. गडचिरोलीकडची एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी आईबरोबर अशाच फेरीला आली होती तेव्हा मी तिथं होतो. सिकलसेलच्या रुग्णाला एसटी फुकट आहे, आईला महिलांच्या सवलतीत अर्धं तिकीट. सरकारनं गणेशपेठेपर्यंत त्यांना जवळपास फुकटात आणून सोडलं. गणेशपेठेहून मेडिकलला शेअर ऑटो मिळतो, पण मागे चौघं कोंबलेली असतात आणि दुखऱ्या मांडीला प्रत्येक खड्ड्यात धक्का बसतो. अख्खा ऑटो केला तर 80 रुपये. जाताना 80, येताना 80. मजुरीवर जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते.

‘‘एसटीचे पैसे लागत नाही, म्हून लोकं येऊन पडतात,’’ ताई म्हणाल्या. ‘‘अन् 80 रुपये नसले की तिथूनच परत जातात. मेडिकल दिसते, पण जाता येत नाही.’’

अनुदानाची बाकीची रीत कुठल्याही संस्थेत सारखीच आहे : प्रस्ताव, पाहणी, करारनामा, पहिला हप्ता, अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, मग दुसरा हप्ता. उपयोगिता प्रमाणपत्राला इथं नुसतं ‘युसी’ म्हणतात. त्यावर सनदी लेखापालाची सही आणि युडीआयएन, म्हणजे दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, पडल्याशिवाय पुढचा पैसा हलत नाही.

मला थांबवून धरलं ते फोटोंनी. प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो हवा, जागा आणि वेळ उमटलेला, मागे प्रतिष्ठानाचं बोधचिन्ह. गडचिरोलीकडच्या त्या मुलीला औषधांचं पाकीट देताना ताईंनी मोबाइल वर केला आणि आईनं पटकन पदर पुढे करून मुलीचा चेहरा झाकला. ‘‘फोटो नोका काढू जी. पोरीचं लगन व्हाचं हाये.’’ ताईंनी मोबाइल खाली घेतला. पाकिटाचा आणि आईच्या हाताचा फोटो काढला, चेहरा नाही. अहवालात त्या नोंदीपुढे ‘फोटो अपूर्ण’ असा शेरा येणार हे त्यांना माहीत होतं. नंतर कागद चिकटवताना त्या म्हणाल्या, ‘‘चार गोळ्या देऊन तिचं तोंड मागून घ्याचं का आपण?’’ हा प्रश्न मी तिथून निघालो तरी सुटला नाही. ज्या आजाराचं नाव निघताच सोयरीक मोडते, त्या आजाराच्या मुलीचा चेहरा पुराव्यादाखल कुणा अनोळखी कार्यालयाच्या संगणकात जाऊन पडावा, हे मला कोणत्याही हिशेबानं पटत नाही. देणाऱ्याला खातरी हवी हे मान्य. खातरी करून घ्यायला रुग्णाचा क्रमांक आहे, दवाखान्याचा केसपेपर आहे, ताईंची नोंदवही आहे.

प्रतिष्ठानाचा माणूस पाहणीला आला त्या दिवशीही मी गेलो. तिशीतला, पुण्याहून आलेला, मनापासून काम करणारा. पोरांशी जमिनीवर मांडी घालून बोलला. त्याच्याकडे एक तक्ता होता आणि त्यात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना होता. तपासणी झालेली व्यक्ती म्हणजे एक लाभार्थी. वर्षभर नियमानं रक्त तपासून घेणारी व्यक्तीही एकच लाभार्थी. पहिलीचा खर्च थोडा, दुसरीचा कितीतरी जास्त, त्यामुळे तक्त्यात दुसरी महाग दिसते. त्याच्या वरचे लोक तक्ता पाहतात, पोरांना पाहत नाहीत. तो हे लपवत नव्हता. ‘‘मला 31 मार्चच्या आत आकडे द्यायचे असतात,’’ तो म्हणाला.

ही घाई कुठून येते ते मित्रानं नंतर समजावलं. कंपनी कायदा 2013चं कलम 135 एप्रिल 2014पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये आहे, तिनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 2021पासून नियम आणखी घट्ट झाले. चालू प्रकल्पाचा उरलेला पैसा वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि तो चालू प्रकल्पाचा नसेल तर सहा महिन्यांत सरकारी निधीत जमा करायचा. त्यामुळे मार्चमध्ये पटकन खर्च होईल असं काहीतरी हवं असतं, आणि शिबिर पटकन होतं.

प्रशासकीय खर्चाला नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती मुळात कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनासाठी. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. खाली येता येता मात्र तीच 5 टक्क्यांची पट्टी संस्थेच्या माणसांना लागते. ताईंचं मानधन ‘प्रशासन’ ठरतं. नोंदवही ठेवणं, फोन घेणं, रात्री मेडिकलच्या अपघात विभागात रुग्णाजवळ उभं राहणं, हे सगळं त्या एका शब्दात. दोन अनुदानांच्या मधल्या महिन्यांत त्यांना मानधन नसतं. भविष्य निर्वाह निधी तर नाहीच.

पूर्वी या संस्थेला एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी मदतीतला थोडा वाटा मिळायचा. सप्टेंबर 2020मध्ये परकीय देणगी कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20वर आली, आणि परदेशी देणगी घ्यायची तर दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढणं सक्तीचं झालं. इंदोऱ्यापुढची दोन खोल्यांची संस्था दिल्लीत खातं काढायला गेली नाही. तो झरा आटला. ऑटोचे 80 रुपये पूर्वी तिथून निघत.

नागपुरात हे सगळं पाहताना मला एम्प्रेस मिल आठवत राहिली. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी ती इथं सुरू केली. 1886मध्ये तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, 1895मध्ये अपघात विमा. कायदा तसं करायला सांगत नव्हता. ज्या टाटा नावानं पुढे देशभर न्यास उभे राहिले, त्या नावानं कामगाराच्या म्हातारपणाचा विचार इथं, गांधीसागराच्या काठी, आधी केला होता. मिल गेली, तिच्या जागेवर मॉल आला. त्याच शहरात आज दानाच्या पैशावर काम करणारी बाई पेन्शनशिवाय म्हातारी होणार आहे, आणि देणाऱ्याच्या तक्त्यात तिच्या पगाराला ‘कमीत कमी ठेवण्याचा खर्च’ म्हणतात. 1921 साली कमलाबाई होस्पेट यांनी सीताबर्डीवर मातृसेवा संघाचं प्रसूतिगृह सुरू केलं तेव्हा तिथं जेमतेम चार खाटा होत्या. त्या चार खाटांना अर्थ आला तो रात्री-अपरात्री उठणाऱ्या बायांच्या हातांमुळे. त्या हातांना प्रशासकीय खर्च म्हटलं असतं तर संघ चार खाटांवरच राहिला असता.

दानाची दुसरी रीतही या शहराला ठाऊक आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वस्त्यांतली मंडळं, कर्मचारी संघटना, घरची माणसं अन्नाचे स्टॉल लावतात. येणाऱ्याला ताट मिळतं, त्याचा फोटो कुणी मागत नाही. ताईंकडची ऑटोची सोय सध्या अशाच पैशावर चालते. वस्तीतले निवृत्त शिक्षक, रेल्वेतले काही लोक, एक किराणा दुकानदार महिन्याला थोडे थोडे देतात. पावतीपुस्तक वेगळं, डबा वेगळा. ज्या ओळी मित्राच्या टेबलावर लाल झाल्या त्यांचे पैसे शेवटी या डब्यातून गेले. ‘ऑटोभाडे’ खोडून ‘माहितीपत्रक छपाई’ असं लिहून बिल बसवता आलं असतं. असं करणाऱ्या संस्था आहेत, आणि नियमच त्यांना तिकडे ढकलतात. ताईंनी ते केलं नाही. ‘‘एक डाव खोटं बिल चिकटवलं, की मग खरं बिलबी खोटं दिसते.’’

पाहणीला आलेल्या तरुणाला हा डबा दाखवला तेव्हा तो बराच वेळ पावत्या उलटत बसला. मग म्हणाला, हे ‘प्रवास’ या हेडखाली मागू नका, कुणी देणार नाही. किती रुग्णांची फेरी 80 रुपयांअभावी चुकली आणि त्यातले किती जण पुढच्या महिन्याभरात वेदनेनं भरती झाले, ते लिहून काढा. उपचाराचाच भाग म्हणून मागा. मला हा सल्ला योग्य वाटला. वाईटही वाटलं, कारण चुकलेल्या फेऱ्या मोजायचं काम पुन्हा ताईंच्याच अंगावर आलं, आणि त्या मोजणीचं मानधन कोणत्याच हेडमध्ये नाही.

नवी वही सुरू झाली आहे. रकाने ताईंनी स्वतः आखले : तारीख, रुग्ण क्रमांक, गाव, गणेशपेठेला पोचले का, मेडिकलला पोचले का, नसल्यास कारण, पुढे भरती झाली का. नावाचा रकाना नाही, फोटोची जागा नाही. कारणाच्या रकान्यात परवापर्यंत सर्वांत जास्त वेळा ‘ऑटो’ लिहिलेलं होतं. नव्या वर्षाच्या प्रस्तावात ऑटोभाडं पहिल्या पानावर घेतलं आहे, जायचे 80 आणि यायचे 80, आणि त्याखालच्या ओळीत, यंदा पहिल्यांदाच, नोंदी ठेवणाऱ्या व्यक्तीचं बारा महिन्यांचं मानधन. ती ओळ लिहायला ताई तयार नव्हत्या. मित्रानं फोनवरून आग्रह केला तेव्हा लिहिली.