उजळ अक्षरे: घरगुती चित्रगृहाचा प्रकाशफलक

सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांतील नव्या घरांमध्ये एखादी खोली केवळ चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत अलीकडे रुळू लागली आहे. अशा खोलीत पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा यांची निवड बारकाईने होते. भिंतींच्या सजावटीकडे मात्र शेवटी वळले जाते आणि मग बाजारात तयार मिळणारा, इंग्रजी अक्षरांचा, मक्याच्या लाह्यांचे चित्र असलेला दिव्याचा फलक आणून टांगला जातो. वस्तुतः मागून प्रकाश देऊन अक्षरे उजळवणारा असा फलक, ज्याला दुकानांच्या व्यवहारात ग्लो साइन बोर्ड म्हणतात, घरच्या घरी थोड्या साहित्यात करता येतो. तो नीट साधला की नाही हे दोन गोष्टींवरून ठरते: आतला दिवा किती चांगला लपला आहे आणि वर लिहिलेली अक्षरे त्या घराच्या मुलखाशी किती नाते सांगतात.

मागून उजळलेले चित्र ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत पातळ केलेल्या कातड्याच्या रंगीत बाहुल्या दिवा आणि पडदा यांच्या मध्ये नाचवून रामायणातील कथा सांगत आले असून ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये सुरू केलेल्या ‘शांबरिक खरोलिका’ या खेळात काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यासमोर धरून भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवली जात; चित्रपट येण्यापूर्वी मराठी प्रेक्षकाने अंधारात बसून उजेडाचे चित्र पाहिले ते अशा खेळांतून. सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर कराडजवळील ओगलेवाडी हे गाव 1916 मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्यामुळे नावारूपाला आले आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदिलांनी वीज नसलेल्या असंख्य घरांत उजेड दिला. दिव्याभोवती काच धरून प्रकाशाला वळण लावण्याचे काम या परिसराने एक शतकापूर्वी मोठ्या प्रमाणावर केले, ही बाब येथे फलक करू पाहणाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रकाशफलकाचे मूळ तत्त्व प्रकाशाच्या विसरणाचे आहे. दिव्यातून निघालेला प्रकाश पारदर्शक काचेतून सरळ बाहेर पडतो आणि डोळ्याला दिवाच दिसतो. तोच प्रकाश दुधी पदार्थातून जाऊ लागला की त्यातील सूक्ष्म कणांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो आणि संपूर्ण पृष्ठभाग स्वतःच उजळल्यासारखा भासतो. यालाच विसरण म्हणतात आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा पतंगी कागद तेच काम करतो. फलकासाठी तीन मिलिमीटर जाडीचे दुधी अॅक्रिलिक सर्वांत सोयीचे ठरते. ते न मिळाल्यास साध्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या मागे बटर पेपरचे दोन थर लावूनही बऱ्यापैकी परिणाम साधतो. बहुतेक घरगुती फलक फसतात ते दुधी पृष्ठभागावर एकेका दिव्याचा ठिपका वेगळा दिसू लागल्याने, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी पेटीची अपुरी खोली हेच असते. दिव्यांच्या दोन ओळींमध्ये जेवढे अंतर असेल तेवढे किंवा त्याहून थोडे अधिक अंतर दिवे आणि दुधी पृष्ठभाग यांच्यात ठेवले, तर शेजारच्या ओळींचे प्रकाशवर्तुळ एकमेकांत मिसळते आणि ठिपके विरून जातात.

हे मापांत मांडलेले बरे. 90 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर उंच अशी पेटी प्लाय, एमडीएफ किंवा सनबोर्डची केली आणि तिची आतील खोली सात ते आठ सेंटिमीटर ठेवली, तर तळाच्या फळीवर पाच-पाच सेंटिमीटर अंतराने एलईडी पट्टीच्या सहा ओळी बसतात. पेटीचा आतला सर्व भाग पांढऱ्या, चकाकी नसलेल्या रंगाने रंगवावा, कारण कडेला गेलेला प्रकाश परतून पुढे येणे हे त्या रंगावर अवलंबून असते. बारा व्होल्टवर चालणाऱ्या, मीटरला साठ दिवे असलेल्या साध्या एलईडी पट्टीला मीटरमागे सुमारे 4.8 वॉट वीज लागते आणि ती दर तीन दिव्यांनंतर आखलेल्या खुणेवरच कापता येते. 80 सेंटिमीटरच्या सहा तुकड्यांची एकूण लांबी 4.8 मीटर होते, म्हणजे पाच मीटरच्या एका गुंडाळीत काम भागते. एकूण भार सुमारे 23 वॉटचा, म्हणजे बारा व्होल्टला दोन अँपिअरहून थोडा कमी भरतो. अॅडॅप्टर मात्र तीन अँपिअरचा घ्यावा, कारण पूर्ण क्षमतेवर सतत चालणारा अॅडॅप्टर तापतो आणि लवकर निकामी होतो. तुकडे एकामागून एक न जोडता प्रत्येक तुकड्याला अॅडॅप्टरकडून येणाऱ्या मुख्य तारेतून स्वतंत्र वीज दिली, तर टोकाकडचे दिवे मंद पडत नाहीत. पट्टीतील तांब्याचा थर पातळ असल्याने लांब पट्टीच्या शेवटाला व्होल्टता घटते, हे त्या मंदपणाचे कारण होय. असा फलक रोज दोन तास लावला तरी महिन्याला दीड युनिटपेक्षा कमी वीज खर्च होते.

पेटीसाठी थर्माकोलचा मोह टाळलेला बरा. गणेशोत्सवातील मखरांमुळे त्यात काम करण्याचा हात पुष्कळांना असतो; परंतु तो पेट घेणारा पदार्थ आहे आणि 2018 मध्ये महाराष्ट्रात लागू झालेल्या प्लास्टिकबंदीत सजावटीचे थर्माकोलही आले आहे.

अक्षरांचा विचार सर्वांत अधिक काळजीने करावा लागतो. गाड्यांच्या क्रमांकपट्ट्या आणि दुकानांच्या काचा सजवणारे रेडियमवाले चिकट पाठीचा जो रंगीत प्लास्टिकपत्रा यंत्रावर कापून देतात, तोच येथे उपयोगी पडतो. संपूर्ण दुधी अॅक्रिलिकवर काळे रेडियम चिकटवून त्यातून केवळ अक्षरांचा भाग काढून टाकला, तर अंधाऱ्या खोलीत काळी पाटी नाहीशी होते आणि अक्षरे तेवढी हवेत उभी राहिल्यासारखी दिसतात. स्वस्त काळ्या पत्र्यातून तांबूस उजेड झिरपतो, म्हणून कापून घेण्यापूर्वी तो पत्रा मोबाइलच्या दिव्यासमोर धरून पाहावा आणि गरज भासल्यास दोन थर लावावेत. यंत्राची सोय नसेल तर जाड काळ्या कार्डशीटवर अक्षरे काढून धारदार कटरने कोरता येतात; मात्र तेथे नागरी लिपीची एक अडचण पुढे येते. ‘व’, ‘क’, ‘ब’, ‘म’ यांसारख्या अक्षरांच्या पोटातील बंद भाग कोरताच सुटून पडतो आणि त्याला धरून ठेवण्यासाठी बारीक पूल सोडावा लागतो किंवा तो तुकडा मागच्या दुधी पत्र्यावर वेगळा चिकटवावा लागतो.

याउलट, अक्षरेच कापून भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे उभी करायची आणि त्यांच्या मागे पट्टी लपवून भिंतीवर प्रभा पाडायची असेल, तर नागरी लिपी रोमन लिपीपेक्षा अधिक सोयीची ठरते. शिरोरेषा संपूर्ण शब्दाला एका तुकड्यात बांधून ठेवते, त्यामुळे शब्द सरळ बसवण्यासाठी अक्षरन् अक्षर मोजत बसावे लागत नाही. फक्त अनुस्वार आणि विसर्ग सुटे राहतात व त्यांना वेगळा आधार द्यावा लागतो. उजळलेले अक्षर काळ्या पार्श्वभूमीवर आहे त्यापेक्षा जाड दिसते, हा डोळ्याचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. छापील पानावर सुबक वाटणारी दोन अक्षरांमधील फट प्रकाशात बुजून जाते, वेलांट्या आणि मात्रा एकमेकांत मिसळतात आणि जोडाक्षर तर ओळखूही येत नाही. त्यासाठी अक्षरांतील अंतर नेहमीपेक्षा वाढवावे, रेषा मध्यम जाडीची ठेवावी आणि उंची ठरवताना वरच्या मात्रांना व खालच्या उकारांना लागणारी जागा आधी मोजावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेला ‘बालू’ हा गोलसर टंक मोफत मिळतो आणि त्याची हलकी जाडी अशा कामाला साजेशी आहे. परंतु सातारा-सांगली जिल्ह्यांत हाताने पाट्या रंगवणारे पेंटर अजूनही आहेत आणि त्यांच्याकडून एकदा अक्षरे काढून घेऊन तीच कापली, तर त्या फलकाला जे रूप येते ते कोणत्याही तयार टंकातून येत नाही.

फलकावर काय लिहावे, या प्रश्नाला सांगली जिल्ह्याइतके समृद्ध उत्तर क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याकडे असेल. चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीत, आणि त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल कृष्णाकाठच्या हरिपूरचे. ज्यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने 1910 मध्ये बंदी घातली ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच. ‘सांगली 1843’ एवढीच दोन पदे उजळलेला फलक घरगुती चित्रगृहाच्या दारावर लावला, तर त्या खोलीला आपल्या गावाचा वारसा मिळतो. ‘नांदी’, ‘मध्यंतर’, ‘तिसरी घंटा’ हे शब्द मराठी प्रेक्षकाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. त्यांतील ‘तिसरी घंटा’ हा फलक खेळ सुरू होण्याआधी पेटवून पडदा उजळताच विझवण्याची योजना करता येते. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी तर नाट्यगृहांच्या दारातून थेट घरात यावी इतकी आपली आहे.

चित्रपटांकडे वळल्यास एका नावाकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट 1957 मध्ये पडद्यावर आला आणि पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या कथेची मुळे आटपाडी परिसरातील स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत आहेत, हे सांगली जिल्ह्यातीलच अनेक तरुणांच्या कानावर गेलेले नसते. औंध संस्थानाच्या काळात, कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती करू देऊन माणूस म्हणून उभे करण्याचा प्रयोग तेथे झाला आणि चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याला जन्मले. एवढी थोर कथा आपल्या मातीतून जगाच्या पडद्यावर गेली असताना घरातील फलकावर परक्या शहराचे नाव लिहिले जावे, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. सातारा जिल्ह्यातील रसिकांना वाईजवळचे मेणवली आहे, जेथे 2004 मधील ‘स्वदेस’चे चित्रीकरण झाले, तर सांगलीच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या घराला त्याच गावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’पेक्षा वेगळे नाव शोधण्याची गरजच नाही.

फलक कोठे लावावा, याचे उत्तर पडद्याच्या गुणधर्मातून मिळते. प्रोजेक्टरचा पांढरा पडदा त्याच्यावर पडणारा सर्वच प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे खोलीत दुसरा दिवा असेल तर चित्रातील काळा रंग करडा होतो आणि गडद दृश्यांचा कस जातो. म्हणून फलकाची योग्य जागा दाराबाहेर किंवा प्रेक्षकांच्या पाठीमागील भिंतीवर असते. पडद्याऐवजी दूरदर्शन संच असेल, तर समोरच्या भिंतीवरील फलकाचे प्रतिबिंब संचाच्या काचेत उमटते, हेही पाहून घ्यावे. पट्टी आणि अॅडॅप्टर यांच्यामध्ये मंदक, म्हणजे उजेड कमी-अधिक करणारे छोटे साधन, बसवले तर खेळाच्या वेळी फलक पूर्ण न विझवताही सौम्य ठेवता येतो. पट्टी विकत घेताना सुमारे 3000 केल्विनची पिवळसर पांढरी निवडावी. केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप असून आकडा वाढत गेला की छटा निळसर होत जाते आणि 6500 केल्विनचा झगझगीत उजेड अंधारलेल्या खोलीत डोळ्याला बोचतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना स्वतःचे असे दोन धडे आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पावसाळाभर भिंती दमट राहतात, त्यामुळे तेथे पेटी भिंतीला घट्ट न चिकटवता मागे बोटभर जागा सोडावी आणि वरच्या व खालच्या कडेला हवेसाठी छिद्रे ठेवावीत. ही छिद्रे अन्यत्रही उपयोगी आहेत, कारण उष्णता साठली की एलईडीचे आयुष्य घटते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरातील हजारो घरांत शिरले, हे ध्यानात ठेवून नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावरील फलकाचा अॅडॅप्टर आणि प्लग शक्य तितके उंच बसवावेत. बारा व्होल्टच्या बाजूला सामान्यतः झटक्याचा धोका नसतो, परंतु सैल जोडातून ठिणगी उडू शकते, म्हणून प्रत्येक सांधा सोल्डर करून त्यावर इन्सुलेशनची नळी चढवावी. अॅडॅप्टर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेलाच घ्यावा आणि 230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. उरलेले सर्व काम घरातील कोणालाही दोन-तीन सुट्यांच्या दिवसांत जमण्याजोगे आहे.