तांब्याच्या रसातून काय निघते, काय उरते

खोपटच्या एसटी आगारात उभ्या असलेल्या बसच्या स्टार्टरमध्ये तांब्याची तार असते. जुन्या पद्धतीच्या रेडिएटरमध्ये तर तांब्याच्या पट्ट्या, पितळेच्या नळ्या आणि त्यांना जोडणारा शिसे-कथिलाचा डाख असा तिहेरी संसार. हे सारे एकाच भट्टीत वितळवले, तर शुद्ध तांबे मिळेल का? आगीत घातले की हिणकस जळून जाते, ही समजूत जुनी आहे, पण ती अर्धीच खरी आहे. आग फक्त धातू पातळ करते. निवड करतो तो ऑक्सिजन.

तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात हवा फुंकली की आधी थोडे तांबेच ऑक्साइड होऊन रसात विरघळते. लोखंड, जस्त, कथिल यांना ऑक्सिजनची ओढ तांब्याहून कितीतरी जास्त. ते तो हिसकावून घेतात आणि मळी होऊन वर येतात. (जस्ताचा बराच भाग वाफ होऊनच निसटतो.) शिसे मात्र चिवट. त्याची ओढ तांब्याच्या जेमतेम पुढे, म्हणून वाळू टाकून त्याचा ऑक्साइड मळीत बांधून ठेवावा लागतो. आर्सेनिक आणि अँटिमनीला सोडा आणि चुना लागतो. निकेल बरेचसे मागे राहते, चांदी-सोने तर पूर्णच, कारण ऑक्सिजन त्यांना नकोच असतो. शेवटी रसात उरलेला ऑक्सिजन काढायला पूर्वी हिरव्या लाकडाचे ओंडके त्यात खुपसत. आता नैसर्गिक वायू सोडतात. इथे हात राखावा लागतो. ऑक्सिजन फार काढला, तर रसात हायड्रोजन शिरतो आणि ओतलेले तांबे सच्छिद्र होते.

किंचित भेसळ राहिली तर बिघडले काय, असे कोणी विचारेल. हंड्याचे काहीच नाही. तारेचे मात्र बिघडते: एसीच्या नळ्यांच्या तांब्यात सुमारे 0.02 टक्के फॉस्फरस मुद्दाम ठेवतात, आणि तेवढ्यानेच विद्युतवाहकता साधारण 15 टक्क्यांनी घटते. मग सरळ विजेने शुद्ध करावे, हा दुसरा आक्षेप. त्या मार्गाने 99.99 टक्के शुद्धता मिळते खरी, पण तिथे टांगायचे पत्रे याच भट्टीतून ओतून येतात. तळोज्याला हिंदुस्थान कॉपरचा 1989 सालचा, वर्षाला 60,000 टन क्षमतेचा कारखाना उभारला गेला तोही विजेने आधीच शुद्ध झालेल्या पत्र्यांपासून (कॅथोडपासून) सळई बनवण्यासाठी. स्पेनच्या ला फार्गा कंपनीने 1980च्या दशकात वीज टाळून, केवळ भट्टीत शुद्ध केलेल्या भंगारापासून तारेच्या दर्जाचे तांबे बनवून दाखवले. पण त्या वाटेने जाणाऱ्याला भंगार निवडूनच घ्यावे लागते. 2018-19पासून आपण शुद्ध तांब्याचे निव्वळ आयातदार झालो आहोत. अशा वेळी डाख लागलेला रेडिएटर आणि स्वच्छ तार भंगाराच्या दुकानातच वेगळी ठेवणे, हा मला शुद्धीकरणाचाच पहिला टप्पा वाटतो; शिसे एकदा रसात विरघळले की ते काढायला वाळू, इंधन आणि मळीबरोबर जाणारे तांबे एवढी किंमत मोजावी लागते.