पीसीची तारीख सारखी मागे जातेय? सेल बदला!

पीसी चालू केला की तारीख जुनीच, आणि बँकेची साइट म्हणते ‘कनेक्शन सुरक्षित नाही’? व्हायरस नाही हो, बहुधा मदरबोर्डवरचा सेल संपलाय. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तारीख मागे गेली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं.

बहुतेक पीसीत सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. सेलजवळची क्लिप दाबा, सेल वर येतो. नवा बसवताना ‘+’ बाजू आधीसारखीच. मग बायोसमध्ये तारीख-वेळ लावा.

आणि जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका २ तासांत भाजू शकते. थेट हॉस्पिटल गाठा!