किंमत आधी ठरली, लस नंतर

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या पोटातून एक आडवा पट्टा जातो. कोरडे, धुळीचे वारे सुटले की तिथे मेनिंजायटिसची साथ येते. मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि धडधाकट मूल एक-दोन दिवसांत दगावते. वाचलेल्यांतले कित्येक जण कायमचे बहिरे होतात. १९९६-९७च्या साथीत सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले.

या साथी पसरवणाऱ्या जंतूच्या ‘ए’ प्रकारावर टिकाऊ लस करता येण्याजोगी होती. पण गिऱ्हाईक गरीब, म्हणून बड्या औषध कंपन्या फिरकल्या नाहीत. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले आणि ‘पाथ’ ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना कामाला लागल्या. त्यांनी जे पहिल्यांदा केले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांना विचारले, तुम्हाला किती परवडेल? उत्तर आले, एका डोसला ५० सेंटच्या आत. त्या किमतीत लस करून द्यायला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार झाली. लागणारे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने दिले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस टोचायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातून ‘ए’ प्रकार जवळपास हद्दपार झाला.

दहा वर्षे फळाची वाट पाहायची मुभा दात्याला असते; कंपनीला ती भागधारक देत नाहीत. पण दात्याला जाब विचारणारा मतदारही नसतो, आणि याची काळजी वाटायलाच हवी. हेच फाउंडेशन आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक आहे आणि त्याचा बहुतेक पैसा ठरावीक कामांसाठीच राखलेला असतो. कोणता आजार आधी, हे सदस्य देशांनी ठरवायचे की सिएटलमधल्या विश्वस्तांनी?

शिवाय देणगीने लस तयार होते. ती गावोगावी नेणारी यंत्रणा त्या-त्या देशाच्या सरकारलाच वर्षानुवर्षे पोसावी लागते. साथही थांबत नाही. ‘ए’ मागे हटला, तरी २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ प्रकाराने थैमान घातले. मग पाच प्रकारांवर चालणारी लस सीरम आणि ‘पाथ’ने मिळून विकसित केली. तिच्यासाठी पैसा दिला ब्रिटिश सरकारने, म्हणजे करदात्यांनी. २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात सर्वप्रथम वापरली.