न दिसणारी कावीळ

कावीळ हा शब्द ठाऊक नाहीं असें घर रत्नागिरी जिल्ह्यांत सांपडावयाचें नाहीं. डोळे पिवळे झाले, लघवीला हळदीचा रंग आला, अन्नावरची वासना उडाली, कीं घरांतील वडील माणसें निदान करून मोकळीं होतात. मग कोणी काविळीची माळ गळ्यांत घालतो, कोणी झाडपाल्याचा रस देतो, कोणी हातांना चुना लावून ते पाण्यांत धुतो आणि पिवळें झालेलें पाणी दाखवितो. तीन-चार आठवड्यांनीं माणूस बहुधा बराही होतो. मात्र त्याचें कारण माळेंत नसतें. दूषित पाण्यानें होणारी कावीळ, म्हणजे यकृतदाहाचे 'ए' आणि 'ई' हे प्रकार, बहुतेक निरोगी माणसांत आपोआप ओसरतात. गर्भवती स्त्रीला 'ई' प्रकार घातक ठरूं शकतो. पण एरवीं काम शरीर करतें आणि श्रेय माळेला मिळतें.

आज ज्या विकारासंबंधीं सांगावयाचें आहे त्याच्यापुढें हा सारा घरगुती अनुभव फसतो. यकृतदाहाचा 'सी' प्रकार, ज्याला डॉक्टर हेपटायटिस सी म्हणतात, तो पाण्यांतून येत नाहीं, रक्तांतून येतो. आणि बहुतेकांच्या बाबतींत तो प्रथम डोळे पिवळे करीतच नाहीं. विषाणु शरीरांत शिरल्यावर दहांपैकीं सुमारें तिघांचें शरीर त्याला सहा महिन्यांच्या आंत हुसकून लावतें. उरलेल्या सातांच्या यकृतांत तो मुक्काम ठोकतो. माणूस पुढें पंधरा-वीस वर्षें कचेरींत जातो, कलमांच्या बागेंत राबतो, आणि थकवा आला तर तो वयाचा म्हणून सोडून देतो. इकडे जखम भरल्यावर जसा वण राहतो तसे वण यकृतांत सांठत जातात. अशा रोग्यांपैकीं शेंकडा 15 ते 30 जणांचें यकृत वीस वर्षांच्या काळांत निबर होतें. यालाच सिरॉसिस म्हणतात. पोटांत पाणी होणें, रक्ताची उलटी, यकृताचा कर्करोग हे त्यापुढील धोके. डोळ्यांवर पिवळी छटा येते ती पुष्कळदां या अवस्थेंत, आणि तेव्हां हातांत वेळ थोडा उरलेला असतो.

हा विषाणु ओळखला गेला तो 1989 सालीं. त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघां शास्त्रज्ञांना 2020 चें नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूच ठाऊक नव्हता तोंवर रक्त तपासावयाचें कशासाठीं, हा प्रश्नच नव्हता. आणि आपल्या रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभीं. म्हणून त्यापूर्वीं बाळंतपणांत, शस्त्रक्रियेच्या वेळीं किंवा अपघातानंतर ज्यांना रक्त चढविलें गेलें, त्यांनीं एकदां तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळें डायलिसिस घेणारे, एकाच सुईनें अनेकांना टोंचलेलें इंजेक्शन घेतलेले, जत्रेंत गोंदवून घेतलेले, नशेसाठीं सुई वापरलेले, आणि ज्यांच्या आईला हा विकार होता असे, यांनाही हाच सल्ला.

पुष्कळांना हा विकार कळतो तो अगदीं अकल्पितपणें. कोणी रक्तदान करतो, कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरते, आणि चिठ्ठीवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' असा शब्द येतो. घरांत एकदम सुतकी कळा पसरते. अशा वेळीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ही पहिली तपासणी केवळ पाऊलखूण दाखविते. चोर घरांत आहे कीं निघून गेला, हें तिला सांगतां येत नाहीं. त्यासाठीं विषाणूचा आर.एन.ए. शोधणारी दुसरी तपासणी करावी लागते. ती नकारात्मक आली तर सहसा उपचाराची गरज नाहीं. होकारार्थी आली तर उपचार घ्यावाच.

आणि उपचाराची कथा आतां पार पालटली आहे. पूर्वीं इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें सहा महिने किंवा वर्षभर घ्यावीं लागत. ताप, अंगदुखी व उदासीनता सोसूनही निम्म्याअधिक रोग्यांना कित्येकदां यश येत नसे. 2013 च्या अखेरीस अमेरिकेंत सोफोस्बुविर हें औषध आलें. तेथें त्याच्या बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत 84,000 डॉलर, म्हणजे एका गोळीस हजार डॉलर होती. 2014 मध्यें भारतीय कारखान्यांना तें बनविण्याचे परवाने मिळाले आणि पुढच्याच वर्षीं तें येथें पुष्कळ स्वस्त दरानें मिळूं लागलें. 28 जुलै 2018 रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याखालीं तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. जिल्ह्यास निदान एक उपचारकेंद्र असावें अशी त्याची आंखणी आहे. म्हणून रत्नागिरीकरानें पहिली चौकशी जिल्हा शासकीय रुग्णालयांत करावी, मुंबईची गाडी त्यानंतर पाहावी.

सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर व डाक्लाटास्विर या गोळ्या दररोज, बारा आठवडे, एवढाच उपचार. शंभरांत पंचाण्णवांच्या आसपास रोगी यानें बरे होतात. सिरॉसिस असेल तर औषध वा मुदत बदलते. आरंभीं 'बी' प्रकाराचीही तपासणी करावी, कारण तो सोबत असल्यास उपचाराच्या काळांत उचल खाण्याचा संभव असतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीं, फेफऱ्यासाठीं किंवा क्षयासाठीं चालू असलेलीं औषधें, तसेंच घरचा काढा वा भस्म, डॉक्टरांपासून लपवूं नये. चाकरमान्यांना एक विशेष सूचना: उपचाराच्या मध्यावर गणपति आले तर गांवीं जातांना गोळ्या बरोबर घ्याव्या. खंड पडतां कामा नये.

शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनीं पुन्हां आर.एन.ए. तपासावा. तेव्हां विषाणु आढळला नाहीं तर माणूस बरा झाला. पहिली तपासणी मात्र पुढेंही 'रिअ‍ॅक्टिव्ह'च येत राहील. म्हणून हा दुसरा कागद जन्मभर जपून ठेवावा. बरें झाल्यानें कायमचें संरक्षण मिळत नाहीं, आणि या विकारावर लस नाहीं. सिरॉसिस झालेल्यांनीं बरें झाल्यावरही दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी.

आतां घरांतील वागणुकीविषयीं. एका पंक्तीस जेवल्यानें, एका तांब्यांतून पाणी प्यायल्यानें, मुलाला जवळ घेतल्यानें हा विकार पसरत नाहीं. रोग्याचें ताट वेगळें काढणें हा त्याच्यावर निष्कारण अन्याय आहे. वेगळ्या ठेवावयाच्या वस्तु तीनच: दाढीचें पातें, नखें काढण्याचें साधन आणि दांतांचा ब्रश. न्हाव्याकडे नवें पातें मागावें. आई बाळाला अंगावर पाजूं शकते. स्तनाग्रांतून रक्त येत असेल तेवढें थांबावें. पथ्याच्या नांवाखालीं नुसत्या पेजेवर राहूं नये. भात, आमटी, मासळी, सोलकढी हें नेहमींचें जेवण चालतें. दारू मात्र थेंबभरही नको, कारण विषाणु जें काम वीस वर्षांत करतो तें ती लवकर उरकते.

औषध आहे, फुकट आहे, आणि तीन महिन्यांचें आहे. तरीही या विकारानें माणसें दगावतात, तीं बहुधा दोन कारणांनीं: कोणी तपासलें नाहीं म्हणून, किंवा तपासून चिठ्ठी कपाटांत दडविली म्हणून. आपल्या कपाटांत तशी एखादी चिठ्ठी असेल, तर ती या आठवड्यांतच घेऊन डॉक्टरांकडे जावें.